‘क’ जीवनसत्त्वाची गोळी: घ्यायची का, किती आणि किती दिवस

आमच्या घरात एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. मी २०२० पासून रोज सकाळी पाण्यात टाकून फसफसणारी व्हिटॅमिन सीची १००० मिलिग्रॅमची गोळी घेत होतो, आणि तीन वर्षांनी मला मुतखडा निघाला. त्याच घरात, माझ्या समोर बसून जेवणाऱ्या आईला हेच जीवनसत्त्व इतकं कमी पडलं की तिच्या नडग्यांवर जांभळे ठिपके उठले. गोळ्यांची डबी कपाटात होती, फळांची टोपली ओट्यावर होती, आणि दोन्ही चुकीच्या माणसाकडे जात होत्या.

त्यानंतर डॉक्टरांशी बोलून, थोडं वाचून आणि वर्षभर घरात करून पाहून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. मी डॉक्टर नाही. पण मेडिकलमधून पहिली डबी आणण्याआधी मला हे कोणी सांगितलं असतं, तर बराच त्रास आणि पैसा वाचला असता.

सुरुवातीला हाताशी काय ठेवाल

- तुम्ही सध्या घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी. ॲसिडिटीची, लोहाची, रक्त पातळ ठेवायची गोळीही त्यात आली.
- गेल्या वर्षभरातले रिपोर्ट: हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ती रक्तचाचणी), साखर, असल्यास पोटाची सोनोग्राफी.
- घरात आधीपासून असलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या डब्या आणि स्ट्रिप्स. रिकाम्या असल्या तरी टाकू नका, लेबल वाचायचं आहे.
- एक छोटी वही आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा. काटा नसला तरी चालेल.

१. गोळी कशासाठी घेताय ते एका ओळीत लिहा

हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. माझं उत्तर होतं, ‘सर्दी होऊ नये म्हणून’. शेजारच्या काकूंचं होतं, ‘हिमोग्लोबिन वाढावं म्हणून’. भाचीचं होतं, ‘चेहरा उजळावा म्हणून’. तिघांसाठी गोळी तीच, पण ती काय करू शकते ते तिघांच्या बाबतीत निराळं आहे.

सर्दीचं आधी सांगतो, कारण निम्मे लोक त्यासाठीच घेतात. १९७० च्या दशकात लायनस पॉलिंग या दोन नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने मोठ्या डोसचा जोरदार पुरस्कार केला आणि तेव्हापासून हा समज जगभर पसरला. पुढे अनेक चाचण्या झाल्या. त्या सगळ्या एकत्र तपासणारा कॉक्रेन आढावा २०१३ साली आला. त्याचा निष्कर्ष असा की, रोज नियमाने घेणाऱ्या सर्वसाधारण माणसाला सर्दी होण्याचं प्रमाण कमी होत नाही. झालेली सर्दी मोठ्यांमध्ये सुमारे ८ टक्के आणि मुलांमध्ये सुमारे १४ टक्के लवकर बरी होते. म्हणजे सात दिवसांची सर्दी अर्धा दिवस आधी जाते. तेही आधीपासून रोज घेत असाल तर. शिंका सुरू झाल्यावर धावत जाऊन आणलेल्या गोळीचा खात्रीशीर फायदा दिसला नाही. अपवाद मॅरेथॉन धावणारे किंवा बर्फाळ प्रदेशात कसून कष्ट करणारे सैनिक अशांचा. त्यांच्यात सर्दीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. मी बसून काम करणारा माणूस. मला ते लागू नव्हतं.

हिमोग्लोबिनचं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांमागे ५७ जणींना रक्तक्षय आढळला. मेथी, नाचणी, डाळी, अळीव यांतलं लोह शरीराला सहज घेता येत नाही. ‘क’ जीवनसत्त्व त्या लोहाचं रूप बदलून ते शोषण्याजोगं करतं. त्यामुळे पालेभाजीसोबत लिंबाची फोड, नाचणीच्या भाकरीसोबत कोबीची कच्ची कोशिंबीर, अळिवाच्या लाडवाबरोबर पेरूची फोड, हे फार शहाणपणाचं खाणं आहे. पण लोहाची गोळी आधीच चालू असेल, तर तिच्या जोडीला व्हिटॅमिन सीची वेगळी गोळी लागतेच असं नाही. चीनमध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नुसत्या लोहाच्या गोळीने आणि दोन्ही गोळ्यांनी हिमोग्लोबिन सारखंच वाढलं. काकूंच्या बाबतीत अडचण वेगळीच निघाली. त्या लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायच्या. चहा तासभर पुढे ढकलल्यावर त्यांचा पुढचा रिपोर्ट बराच सुधारला.

चेहरा उजळण्याचं थोडक्यात: त्वचेतलं कोलॅजन हे प्रथिन बनायला हे जीवनसत्त्व लागतं, हे खरं. पण ते पुरेसं मिळत असेल तर जास्त घेऊन रंग बदलत नाही. शिरेतून सलाइन देऊन ‘ग्लो’ आणण्याच्या जाहिरातींपासून मुलींना लांब ठेवा.

२. कमतरतेची चिन्हं अंगावर शोधा

ही पायरी सगळ्यात जपून करा.

माणसाच्या शरीराला हे जीवनसत्त्व बनवता येत नाही. शेळीला येतं, कुत्र्याला येतं, आपल्याला आणि गिनिपिगला येत नाही. शरीरात साठा असतो तो दीड ग्रॅमच्या आसपास. बाहेरून येणं बंद झालं की एक ते तीन महिन्यांत तो संपतो आणि स्कर्व्ही हा कमतरतेचा आजार डोकं वर काढतो. शाळेच्या पुस्तकात आपण ‘हिरड्यांतून रक्त येणे’ इतकंच पाठ केलेलं असतं, आणि तिथेच आम्ही फसलो.

आईचे उरलेले दात काढले होते. कवळी बसेपर्यंत काहीतरी अडचणी येत पाच महिने गेले. त्या काळात ती मऊ भात-वरण, दूध-पोळी, चहात बुडवलेलं बिस्किट आणि अधूनमधून शिरा यावर होती. पोट भरत होतं, वजनही फारसं उतरलं नव्हतं. मग ती थकायला लागली. ‘गुडघे धरलेत’ म्हणायची. आम्हाला वाटलं वय. एके दिवशी मुलगी तिच्या पायाला तेल लावत होती, तिने हाक मारली: ‘बाबा, आजीच्या पायावर हे काय?’ नडग्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे जांभळट ठिपके होते, आणि मांडीवर कुठे काही लागलेलं नसताना तळहाताएवढं काळंनिळं.

आमच्या डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात ते ठिपके बघितले आणि भिंग घेऊन दाखवलं: प्रत्येक ठिपका केसाच्या मुळाभोवती होता, आणि तो केस स्प्रिंगसारखा वळलेला होता. मग त्यांनी विचारलं, ‘आजी, फळ शेवटचं कधी खाल्लंत?’ आईला आठवेना. मी म्हटलं, हिरड्या तर ठीक आहेत. तेव्हा त्यांनी सांगितलं की हिरड्या सुजून रक्त येतं ते दात असलेल्यांना. तोंडात दातच नसतील तर हे चिन्ह दिसतच नाही. घरोघरी म्हातारी माणसं आहेत, म्हणून हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय.

तेव्हा पाहायचं ते असं: केसांच्या मुळाभोवतीचे ठिपके, विनाकारण उठणारे काळेनिळे डाग, न भरणारी जखम, सांधेदुखी, कारण न कळणारा थकवा, आणि दात असतील तर हिरड्यांतून रक्त. यातलं एक-दोन दिसलं तर स्वतः गोळी सुरू करून बसू नका, डॉक्टरांना दाखवा. असे डाग रक्ताच्या इतर आजारांतही येतात.

कमतरता कोणाला होऊ शकते? दात नसलेली किंवा एकटी राहून चहा-पोळीवर भागवणारी वयस्कर माणसं, विडी-सिगारेट ओढणारे, रोज दारू घेणारे, डायलिसिसवर असलेले, आतड्याच्या जुन्या आजाराचे रुग्ण, आणि पांढऱ्या पदार्थांपलीकडे काही न खाणारी हट्टी मुलं. वर्षाच्या आतल्या बाळाला नुसत्या उकळलेल्या गाई-म्हशीच्या दुधावर ठेवलं तर त्यालाही होऊ शकते, कारण त्या दुधात हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतं.

रक्ताची चाचणी मिळते, पण सहसा लागत नाही. नमुना नाजूक असतो, उजेड आणि उष्णता लागली की आकडा घसरतो. शिवाय काल पेरू खाल्ला तर आज आकडा चांगला येऊ शकतो. आमच्या डॉक्टरांनी ती केलीच नाही. त्यांनी महिनाभर रोज ५०० मिलिग्रॅमची साधी गोळी दिली. चौथ्या-पाचव्या दिवशी आई स्वतः उठून देवाला फुलं वाहायला गेली. दोन-अडीच आठवड्यांत ठिपके फिके झाले.

३. रोजचा आकडा लक्षात ठेवा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम, स्त्रीला ६५, गरोदर स्त्रीला ८० आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ११५ मिलिग्रॅम पुरतं. धूम्रपान करणाऱ्यांनी आणखी ३५ धरावेत असं अमेरिकेची शिफारस सांगते. स्कर्व्ही टाळायला तर दिवसाला १० मिलिग्रॅमही पुरतात. वरची मर्यादा २००० मिलिग्रॅम, आणि ती मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे.

आता हे १००० च्या गोळीशी ताडून बघा. दीड-दोनशे मिलिग्रॅमपर्यंत आपण घेतो त्यातलं बहुतेक शोषलं जातं. एकदम १००० पेक्षा जास्त घेतलं तर निम्मंही शोषलं जात नाही. उरलेलं आतड्यात पाणी ओढतं, म्हणून पोट बिघडतं. जे शोषलं गेलं त्यातलं जादा लघवीवाटे जातं, आणि जाताना त्याचा काही भाग ऑक्झलेट होऊन जातो. मुतखडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात.

४. तीन दिवस जेवण लिहा

दोन कामाचे दिवस आणि एक रविवार. सकाळच्या चहापासून रात्रीच्या दुधापर्यंत सगळं. प्रमाण वाटी, फोड, चमचा असं लिहिलं तरी पुरे. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं लिहा, कारण एकाच पातेल्यातलं सगळे सारखं खात नाहीत. आईचं आणि माझं शेजारी-शेजारी लिहिलं तेव्हा दिसलं की मी रोज एक पेरू, एक संत्रं आणि वर गोळी घेतोय, आणि तिच्या रकान्यात तीन दिवसांत कच्चं किंवा आंबट म्हणून फक्त लिंबाचं गोड लोणचं आहे.

५. आधी ताटातून भरा

इथे पहिला मोठा गैरसमज: आंबट म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व. चिंचेचा आंबटपणा टार्टारिक आम्लाचा, दह्याचा लॅक्टिक आम्लाचा. चिंच, कोकम, दही यांत हे जीवनसत्त्व नावालाच असतं. दुकानात पुडीत मिळणारं लिंबूसत्त्व हे सायट्रिक आम्ल आहे, त्यातही ते नाही. उलट गोड पेरू संत्र्याला कितीतरी मागे टाकतो.

दुसरा गैरसमज लिंबाचा. लिंबू उत्तम आहेच, पण एका मध्यम लिंबाच्या रसात साधारण १५ ते २० मिलिग्रॅमच येतात. वरणावर पिळलेल्या चतकोर फोडीत चार-पाच. लोह शोषायला तेवढ्याचाही उपयोग होतो. दिवसाची गरज मात्र त्यावर भागत नाही.

मग काय खायचं? अंदाजे आकडे १०० ग्रॅम कच्च्या मालाचे, मिलिग्रॅममध्ये देतोय. जात, पिकलेपणा आणि साठवण यांवर ते बरेच हलतात.

- आवळा: २५० च्या आसपास. मध्यम आवळा ३०-४० ग्रॅमचा, म्हणजे रोज एकात काम होतं.
- पेरू: २०० च्या पुढे. अर्धा पेरू पुरतो.
- ढोबळी मिरची: १०० ते १२५.
- शेवग्याचा पाला: १०० च्या आसपास. शिजताना काही जातं, तरी उरतं ते पुष्कळ.
- स्ट्रॉबेरी: ५५ ते ६०.
- फ्लॉवर, संत्रं, पपई: ४० ते ५०.
- कोबी: ३० ते ३५.
- टोमॅटो, बटाटा: २० ते २५.

कोकणातल्यांनी काजूचा बोंडू विसरू नये. बी काढून घेतल्यावर बागेत खाली कुजत पडणारं ते फळ या बाबतीत पेरूच्या पंक्तीला बसतं. घशाला खवखवतं, म्हणून फोडींना मीठ लावून खातात. कैरीतही पिकल्या आंब्यापेक्षा जास्त असतं.

आपल्या सणांमध्ये हा हिशेब बराचसा बसलेला आहे. कार्तिकात आवळीभोजन, तुळशीच्या लग्नाला आवळे, संक्रांतीच्या वाणात बोरं, आणि थंडीभर पेरू. कार्तिक ते माघ या काळात गोळीचा विचारही करायची गरज बहुतेक घरांना नसावी. अडचण येते ती जून-जुलैत, फळं महाग आणि भाज्या सडक्या येतात तेव्हा.

त्या दिवसांसाठी मोड काढा. कोरड्या मुगात हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, मोड येताना ते तयार होतं. १०० ग्रॅम मुगाच्या मोडांत १०-१५ मिलिग्रॅम येतात. आकडा लहान वाटेल, पण त्याची किंमत आपल्या माणसांनी फार मोठी मोजली आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कूत शहरात सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. त्यात मराठा पलटणीही होत्या. ताजी भाजी संपली, बरेच हिंदी सैनिक घोड्याचं मांस खायला तयार नव्हते, आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. पुढे १९१७ साली लंडनमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांच्या प्रयोगांतून मोड आलेली कडधान्यं स्कर्व्ही रोखतात हे पुढे आलं. भिजवलेली मटकी फडक्यात बांधताना मला दर वेळी त्या पलटणी आठवतात.

आईसाठी आम्ही काय केलं तेही सांगतो, कारण दात नसलेल्यांना ‘पेरू खा’ म्हणून भागत नाही. पिकलेला पेरू फोडी करून थोड्या पाण्यात मिक्सरमधून फिरवायचा, गाळून बिया काढायच्या, चिमूटभर मीठ-जिरं घालून लगेच द्यायचा. पपई चमच्याने खरवडून. हंगामात आवळ्याचा रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला. एक खडा पाण्यात टाकला की तिचं सरबत तयार. गोठवलेल्या रसात हे जीवनसत्त्व चांगलं टिकतं. मोरावळा आणि च्यवनप्राश ती आवडीने खाते, पण ते इतका वेळ शिजलेले असतात की आम्ही ते हिशेबात धरत नाही.

६. भांड्यात आणि पाण्यात वाया घालवू नका

हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णता, हवा, तांबं, सोडा या सगळ्यांनी नासतं. म्हणून:

- भाजी धुऊन मग चिरा, चिरून पाण्यात घालून ठेवू नका. बाजारातली चिरून पिशवीत भरलेली कोबी घेणं टाळा.
- पालेभाजी हिरवी राहावी म्हणून सोडा घालू नका.
- भाजी उकळून पाणी ओतून देऊ नका. वाफेवर, झाकण ठेवून, थोडक्यात शिजवा.
- लिंबू गॅसवरच्या पातेल्यात नको, पानात पिळा.
- तांब्याच्या भांड्यात लिंबूपाणी करून ठेवू नका. जीवनसत्त्व जातं आणि तांबंही पाण्यात उतरतं.
- कोशिंबीर जेवायच्या आधी दहा मिनिटं करा. सकाळची रात्री पुरवू नका.

रोज एक पदार्थ कच्चा असला की बाकी शिजण्यातली घट फार मनावर घ्यायला नको.

७. यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नये

ही यादी डबीवर बारीक अक्षरात असते किंवा नसतेच.

मुतखडा झालेला असेल, किंवा किडनीचं काम मंदावलेलं असेल तर. स्वीडनमध्ये सुमारे २३,००० पुरुषांचा ११ वर्षं मागोवा घेतला गेला. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट दिसलं. माझा खडा गोळीनेच झाला असं माझ्या डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. मी पाणीही कमी प्यायचो. पण त्यांनी पहिल्या भेटीत विचारलेला पहिला प्रश्न ‘कुठल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या घेता?’ हाच होता, आणि त्याच दिवशी त्यांनी ती बंद केली. फळांतल्या ‘क’ जीवनसत्त्वाला मात्र त्यांनी हरकत घेतली नाही.

थॅलेसेमिया किंवा शरीरात लोह साठण्याचा आजार असेल तर, कारण ही गोळी लोह आणखी आत ओढते. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर, कारण मोठ्या डोसने रक्तपेशी फुटू शकतात. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरीन चालू असेल, केमोथेरपी चालू असेल तर. किडनीचा त्रास आणि ॲल्युमिनियम असलेलं ॲसिडिटीचं औषध दोन्ही असतील तर.

मधुमेहींनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी: मोठ्या डोसवर काही ग्लुकोमीटर साखर खोटी वाढीव दाखवतात. त्यावर विसंबून इन्सुलिन वाढवलं तर जिवावर बेतू शकतं. लघवीच्या पट्टीवरच्या चाचणीत साखर किंवा रक्त असूनही ‘नाही’ येऊ शकतं, शौचातल्या लपलेल्या रक्ताच्या चाचणीतही तसंच. चाचणीला जाताना गोळी चालू असल्याचं सांगा, ते म्हणतील तितके दिवस आधी बंद ठेवा.

८. गोळी घ्यायचीच असेल तर

लहान डोस निवडा. रोजच्या जेवणातली उणीव भरायला १०० मिलिग्रॅम पुष्कळ होतात. दुकानात सहज मिळते ती ५०० ची. डॉक्टरांनी सांगितली असेल तर तीच घ्या. घरातल्या मल्टिव्हिटॅमिनच्या लेबलवर ‘ॲस्कॉर्बिक ॲसिड’ शोधा, ते व्हिटॅमिन सीचंच दुसरं नाव. माझ्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही ते होतं, आणि मी तीन वर्षं दोन्ही घेत होतो.

लेबलवर बघायचं ते: एका गोळीत किती मिलिग्रॅम, जोडीला झिंक किंवा आणखी काही आहे का, साखर किती, संपण्याची तारीख, आणि हे औषध म्हणून विकलं जातंय की आहारपूरक म्हणून. आहारपूरकावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो आणि ते औषधी वापरासाठी नाही असं छापलेलं असतं. ‘नैसर्गिक’, ‘आवळ्यापासून’ अशा शब्दांना जास्त पैसे मोजायचं कारण नाही. कारखान्यात बनलेला ॲस्कॉर्बिक ॲसिडचा रेणू आणि पेरूतला रेणू एकच आहे. पेरूत त्याच्यासोबत चोथा आणि बाकी बरंच काही येतं, ते गोळीत नसतं.

फसफसणारी गोळी फसफसते ती सोडियम बायकार्बोनेटमुळे. म्हणजे त्या ग्लासातून सोडियमही पोटात जातं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळलेली बरी. नारिंगी, चघळायची गोळी चवीला छान, पण ती आम्ल आहे. तोंडात घोळवत बसलात तर दातांचं वरचं कवच झिजतं. चघळून झाली की चूळ भरा. आणि मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, ती त्यांना चॉकलेट वाटते.

जेवणानंतर घ्या, म्हणजे पोटात जळजळत नाही. डॉक्टरांनी जास्त डोस दिला असेल तर तो एकदम घेण्यापेक्षा विभागून घ्यायचा का ते विचारा. पाणी भरपूर प्या. जुलाब लागले, पोटात मुरडा आला तर डोस जास्त होतोय. डबी बाथरूममध्ये किंवा ओट्याजवळ नको. दमट हवेत गोळ्या पिवळट-तपकिरी पडतात. तशा पडल्या तर टाकून द्या.

९. थांबण्याची तारीख स्ट्रिपवर लिहा

गोळी सुरू करताना थांबण्याची तारीख ठरली नाही तर ती वर्षानुवर्षं चालते. माझी तशीच चालली. कोणी सांगितली नव्हती, म्हणून कोणी बंदही केली नाही.

आईची स्ट्रिप घरी आणल्यावर मी पेनने तिच्या मागे तारीख लिहिली आणि तीच तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर नोंदवली. महिना संपला, डॉक्टरांनी पाय पुन्हा बॅटरीने पाहिले, गोळी बंद झाली. कवळी बसायला आणखी दोन महिने लागले, तेवढे दिवस पेरूचा गाळलेला गर आणि आवळ्याचे खडे चालू राहिले. दर रविवारी मुलगी तिच्या पायाला तेल लावते, तेव्हा दोन्ही नडग्या उजेडात नीट बघते आणि वहीत एक बरोबरची खूण करते. फक्त एकदा, जुलैत, आठवडाभर फळं आली नव्हती, तेव्हा तिने खुणेऐवजी लिहिलं होतं: ‘बाबा, पपई आणा.’